मेलॅनोमाचा उपप्रकार नोंदवा : कर्करोग नोंदणी, मार्गदर्शिका आणि आरोग्य योजना ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या मार्गदर्शिका समित्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील उपचार ठरवणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

शरीरात पसरलेल्या मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाच्या रुग्णाला इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे करणारे उपचार) समजावताना एक आकडा हमखास सांगितला जातो : दहा वर्षांनीही ४३ टक्के रुग्ण हयात. आकडा खरा आहे. तो चेकमेट-०६७ या चाचणीचा. तीत ९४५ रुग्ण होते. एका गटाला निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची दोन औषधे एकत्र, दुसऱ्याला फक्त निवोलुमॅब आणि तिसऱ्याला फक्त इपिलिमुमॅब मिळाले. २०२४ मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष आले, तेव्हा हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४३, ३७ आणि १९ टक्के होते. ज्या आजारात पूर्वी निम्मे रुग्ण वर्षभराच्या आत दगावत, त्यात हे घडले. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

पण त्या ९४५ जणांत श्लेष्मल आवरणाचा मेलॅनोमा असलेले जेमतेम ७९ होते. डोळ्यातील मेलॅनोमाच्या रुग्णांना प्रवेशच नव्हता. बहुसंख्य रुग्ण युरोप, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिकेतले, उन्हाने बिघडलेल्या गोऱ्या त्वचेचे. आपल्याकडे मेलॅनोमा म्हणून जे रुग्ण येतात त्यांतल्या मोठ्या हिश्शाचा आजार तळपायावर, नखाखाली, गुदाशयात, नाकाच्या पोकळीत किंवा योनिमार्गात सुरू झालेला असतो. ४३ टक्क्यांचा आकडा या रुग्णांचा नाही. तरी तो त्यांना सांगितला जातो, त्याच्या भरवशावर शेत विकले जाते, आणि पुढे काय झाले याची उपप्रकारवार नोंद कुठेच होत नाही. नोंदणीचा अर्ज, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, उपचारांची मार्गदर्शिका आणि योजनेचा मंजुरी अर्ज या चारही ठिकाणी मेलॅनोमाचा उपप्रकार सक्तीचा करावा, एवढीच या पत्रातली मागणी आहे. ती का करतो, ते सविस्तर मांडतो.

उन्हातले अतिनील किरण त्वचेतील रंगपेशींच्या डीएनएत वर्षानुवर्षे हजारो बारीक बदल करत जातात. त्या बदलांतून शरीराला अनोळखी अशी प्रथिने तयार होतात आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी ती ओळखू शकतात. निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबसारखे पीडी-१ रोधक औषध टी-पेशींवरचा अटकाव काढते. पण ओळखण्याजोगे फारसे काही नसेल, तर मोकळ्या झालेल्या पेशी करणार काय? तळव्याच्या जाड कातडीला, नखाच्या मुळाला, गुदाशयाला ऊन लागत नाही. २०१७ मध्ये १८३ मेलॅनोमांचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले, तेव्हा हा फरक स्पष्ट दिसला : उन्हाच्या मेलॅनोमात बारीक बदलांची रेलचेल, तर तळव्याच्या आणि श्लेष्मल मेलॅनोमात असे बदल थोडे आणि गुणसूत्रांची मोडतोड भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणानेही मेलॅनोमा ऊन लागून होणारे आणि उन्हाशी संबंध नसलेले असे वेगळे मांडले. आपले अर्ज मात्र अजून ‘मेलॅनोमा’ एवढ्यावरच थांबतात.

आता आकडे. ‘प्रतिसाद’ म्हणजे मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज किमान ३० टक्क्यांनी घटणे, हे आधी स्पष्ट करतो, कारण ‘प्रतिसाद’ आणि ‘बरा झाला’ यांची गल्लत नातेवाइकांच्या मनात सहज होते.

तळवे आणि नखे यांच्या मेलॅनोमाबद्दल सर्वांत उपयोगी माहिती पूर्व आशियातून आली. चीनमधील कीनोट-१५१ चाचणीत दुसऱ्या फळीत, म्हणजे आधीचा उपचार निष्फळ ठरल्यावर, पेम्ब्रोलिझुमॅब दिले गेले; १०३ रुग्ण, एकूण प्रतिसाद १६.७ टक्के, तळव्या-नखांच्या मेलॅनोमात १५.८ टक्के. टोरिपॅलिमॅब या आणखी एका पीडी-१ रोधकाच्या पोलॅरिस-०१ चाचणीत १२८ रुग्ण होते. तळव्या-नखांत प्रतिसाद १४ टक्के. जपानच्या २०२० मधील पाहणीत १९३ रुग्णांची विभागणी आणखी बारीक केली गेली : तळहात-तळपायाच्या १२३ पैकी २६ जणांत, म्हणजे २१ टक्क्यांत प्रतिसाद मिळाला. नखाच्या ७० पैकी फक्त ६ जणांत, म्हणजे ८.६ टक्क्यांत. आपल्याकडे दोघांच्याही कागदावर ‘पायाचा मेलॅनोमा’ असेच लिहिलेले असते.

या चिनी आकड्यांची चेकमेट-०६७ शी थेट तुलना करू नये, हेही सांगितले पाहिजे. ते रुग्ण आधीचे उपचार निष्फळ ठरलेले होते, चेकमेट-०६७ चे पहिल्या फळीतले. अनेक देशांतील ३२५ तळवा-नख रुग्णांची २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी जास्त आशादायक आहे : पीडी-१ रोधक एकटे दिल्यावर २६ टक्के प्रतिसाद, इपिलिमुमॅब जोडल्यावर ४३ टक्के, इपिलिमुमॅब एकट्याने १५ टक्के. म्हणजे तळव्याच्या मेलॅनोमाला इम्युनोथेरपी लागू पडत नाही, असा निष्कर्ष काढून ती नाकारणेही तितकेच चूक ठरेल. एकट्या औषधाने भागेल की जोडी लागेल, हा प्रश्न इथे उन्हाच्या मेलॅनोमापेक्षा जास्त जिव्हाळ्याचा आहे, आणि उपप्रकार न नोंदवता त्याचे उत्तर मिळणार नाही.

श्लेष्मल मेलॅनोमाचे चित्र याहून बिकट. २०१७ मधील एकत्रित विश्लेषणात निवोलुमॅब एकटे दिल्यावर प्रतिसाद २३.३ टक्के होता, त्वचेच्या मेलॅनोमात ४०.९. जोडीने दिल्यावर ३७.१ विरुद्ध ६०.४. आजार न वाढता गेलेला मध्यम काळ एकट्या औषधावर ३ महिने, जोडीवर ५.९ महिने, त्वचेच्या मेलॅनोमात जोडीवर हाच काळ ११.७ महिने. चेकमेट-०६७ मधल्या त्या ७९ जणांचा पाच वर्षांचा हिशेब पाहा : जोडीवरचे ३६ टक्के हयात, निवोलुमॅबवरचे १७, इपिलिमुमॅबवरचे ७. गट लहान आहेत, तरी जोडी आणि एकटे औषध यांतली ही दरी आम्हाला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही. प्रकृती धडधाकट असलेल्या श्लेष्मल मेलॅनोमाच्या रुग्णाला केवळ खर्च वाचावा म्हणून एकटे निवोलुमॅब सुचवताना, आपण काय सोडतो आहोत हे त्याला स्पष्ट सांगायला हवे.

इथे कीनोट-१५१ कडे पुन्हा वळावे लागते. तिच्यात श्लेष्मल मेलॅनोमाचे १५ रुग्ण होते आणि २ जणांत प्रतिसाद मिळाला. १३.३ टक्के. पोलॅरिस-०१ मध्ये तर या गटात प्रतिसाद शून्य. पण १५ पैकी २ या निकालावरून खरा दर २ टक्क्यांच्या आसपासही असू शकतो आणि ४० टक्क्यांपर्यंतही. जगातले आकडे इतके तोकडे आहेत. भारतात या उपप्रकाराचे रुग्ण आहेत, औषधे दिली जात आहेत, खर्च होतो आहे. फक्त अर्जात रकाना नसल्यामुळे त्या सगळ्या अनुभवातून एकही विश्वासार्ह आकडा हाती लागत नाही. आम्हाला सर्वांत जास्त टोचते ते हे.

शस्त्रक्रियेनंतरच्या प्रतिबंधक उपचारातही हाच धडा. चीनमध्ये श्लेष्मल मेलॅनोमाच्या १८९ रुग्णांची चाचणी झाली : फक्त देखरेखीत आजार मध्यमतः ५.४ महिन्यांत परतला, जास्त मात्रेच्या इंटरफेरॉनने ९.४ महिन्यांत, टेमोझोलोमाइड आणि सिस्प्लॅटिन या केमोथेरपीने २०.८ महिन्यांत. त्वचेच्या मेलॅनोमात केमोथेरपी अडगळीत गेली, म्हणून ती इथेही टाकून द्यायची का? पुढे टोरिपॅलिमॅबची इंटरफेरॉनशी तुलना झाली, तेव्हा हा काळ १३.६ आणि १३.९ महिने, म्हणजे सारखाच निघाला. मार्गदर्शिकेत श्लेष्मल मेलॅनोमाला स्वतंत्र पान हवे, ते यासाठी. टप्पा ठरवण्याचे कोष्टकही वेगळे : मूळ गाठीची पातळी टी-१, टी-२ अशी चढत्या क्रमाने मोजतात, पण डोके-मानेच्या श्लेष्मल मेलॅनोमाची गणना मुळात टी-३ पासून सुरू होते, टी-१ आणि टी-२ तिथे नाहीतच. गुदाशयाच्या मेलॅनोमाला त्वचेचे कोष्टक लावलेले रिपोर्ट सर्रास दिसतात. ते थांबले पाहिजे.

डोळ्याच्या आतील मेलॅनोमा हा तर जवळजवळ स्वतंत्र आजार. जीएनएक्यू आणि जीएनए-११ या जनुकांतले बदल, त्वचेच्या मेलॅनोमात नेहमी आढळणारा बीआरएएफ जनुकातला बदल जवळपास कधीच नाही, आणि पसरतो तो प्रामुख्याने यकृतात. पीडी-१ रोधक एकटे दिलेल्या ५६ रुग्णांच्या एका पाहणीत प्रतिसाद ३.६ टक्के. जोडीच्या लहान चाचण्यांत ११ ते १८ टक्के. या उपप्रकारात आयुष्य वाढवल्याचे ठोस सिद्ध झाले ते टेबेन्टाफस्पने : ३७८ रुग्णांच्या चाचणीत वर्षाअखेर ७३ टक्के हयात, तुलनेच्या गटात ५९, तीन वर्षांनी २७ आणि १८. यात एक लक्षणीय गोष्ट म्हणजे गाठ आकसण्याचे प्रमाण फक्त ९ टक्क्यांच्या आसपास होते, तरी आयुष्य वाढले. हे औषध फक्त एचएलए-ए ०२:०१ (पेशींवरच्या ओळखखुणेचा एक आनुवंशिक प्रकार) असणाऱ्यांना चालते. भारतीयांत ए-०२ कुळातले ०२:११ सारखे इतर प्रकार बरेच आढळतात. त्यामुळे नुसत्या ‘ए-२ पॉझिटिव्ह’ रिपोर्टवर विसंबून परदेशातून औषध मागवण्याची धडपड करू नये. चारही अंकांपर्यंतची तपासणी आधी करावी. रक्ताची एक नळी पुरते. औषध चालवताना पहिले तीन डोस २०, ३० आणि ६८ मायक्रोग्रॅम असे आठवड्याच्या अंतराने चढवतात आणि या तिन्ही डोसांपैकी प्रत्येकानंतर किमान १६ तास रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात, कारण ताप, रक्तदाब घसरणे, अंगावर पुरळ हे त्याच मुदतीत उद्भवते.

याच्या दुसऱ्या टोकाला डेस्मोप्लास्टिक मेलॅनोमा. उन्हाचा सर्वाधिक मार खाल्लेला, तंतुमय, वयस्कांच्या डोक्या-मानेवरचा. ६० रुग्णांत पीडी-१ रोधकाने ७० टक्के प्रतिसाद, ३२ टक्क्यांत गाठी पूर्ण नाहीशा. इथे जोडी देऊन विषारीपणा ओढवून घेण्याचे कारण नाही. आपल्याकडे हा क्वचित दिसतो. दिसलाच तर जुना व्रण किंवा तंतुगाठ म्हणून सुटतो, कारण एचएमबी-४५ आणि मेलन-ए ही रंजके त्यात बहुधा निगेटिव्ह येतात. एस-१०० आणि सॉक्स-१० लावल्याशिवाय तो सापडत नाही. मूळ जागा न सापडलेला मेलॅनोमाही जनुकीयदृष्ट्या बहुधा उन्हाच्या जातीचाच निघतो, म्हणून त्याला ‘इतर’मध्ये ढकलू नये.

मग नोंद का होत नाही? नोंदणी कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत पायाची त्वचा म्हणजे सी-४४.७, आणि त्यात मांडीपासून तळपायापर्यंत सगळे येते. आयसीडी-१० या आजारांच्या सर्वसाधारण संकेतावलीत पायाचा मेलॅनोमा सी-४३.७, तिथेही तेच. म्हणजे कारकुनाने कितीही काटेकोर नोंद केली तरी पोटरीवरचा मेलॅनोमा आणि टाचेखालचा मेलॅनोमा संकेतांकात सारखेच दिसतात. पेशीप्रकाराच्या संकेतांकाने थोडे भागते : ८७४४ म्हणजे अ‍ॅक्रल (तळव्या-नखांचा) लेंटिजिनस, ८७४६ श्लेष्मल लेंटिजिनस, ८७४५ डेस्मोप्लास्टिक. पण रिपोर्टवर फक्त ‘मॅलिग्नंट मेलॅनोमा’ असले की नोंद ८७२० या सरसकट खात्यात जाते. शिवाय तळपायावर गाठीच्या स्वरूपाचाही मेलॅनोमा होतो. त्याचा पेशीप्रकार ८७२१, जागा सी-४४.७, आणि तो तळव्याचा होता हे कायमचे पुसले जाते. यावर उपाय एकच : संकेतांकांशेजारी स्वतंत्र रकाना, ज्यात तळहात-तळपाय, नख, श्लेष्मल आवरण (कोणते ते लिहून), डोळ्याचा आतील भाग, इतर त्वचा आणि मूळ जागा अज्ञात, यांपैकी एक निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही.

त्या रकान्यात भरायची माहिती मुळात पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधून यायची, आणि तिथे बरेच काही निसटते. तुकडा पाठवतानाच्या चिठ्ठीवर नुसते ‘पायावरील जखम’ लिहिण्याऐवजी अशी ओळ हवी : ‘डावा तळपाय, टाचेचा वजन पडणारा भाग, ३ सेंमी काळा चट्टा, मध्ये व्रण, त्वचेवरील तीळ नव्हे, नव्याने आलेला.’ लहान डाग असेल तर सुमारे २ मिमी कड ठेवून पूर्ण काढावा. तळव्यावरचा पसरट चट्टा मोठा असेल तर सर्वांत जाड, उंचवटलेल्या जागेतून पूर्ण खोलीचा तुकडा घ्यावा. वरवर खरवडून घेतलेल्या तुकड्यात तळव्याच्या जाड शिंगी थराखेरीज काही येत नाही, ब्रेस्लो जाडी (गाठ त्वचेत किती खोल गेली ते माप) मोजता येत नाही, आणि रिपोर्ट ‘कुरूप’ म्हणून परत येतो. नखाखालच्या पट्ट्यासाठी नखाच्या मुळातून, म्हणजे मॅट्रिक्समधून नमुना हवा; नखाच्या टोकाकडून घेतलेला नमुना व्यर्थ. नखामागच्या कातडीपर्यंत काळसरपणा उतरला असेल तर बुरशीचे औषध देत बसू नये.

बोट कापून आले की प्रयोगशाळेत हाड मऊ करण्यासाठी ते तीव्र आम्लात टाकले जाते. त्याने डीएनए नष्ट होतो आणि पुढे जनुक तपासणी ‘नमुना अपुरा’ म्हणून परत येते. गाठीचा मऊ भाग आधीच वेगळा करून ठेवावा आणि तो तटस्थ बफर केलेल्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तासांत स्थिर करावा. हाडासकटच पाहायचे असेल तर ईडीटीए वापरावे. वेळ लागतो, पण डीएनए टिकतो. गडद काळ्या गाठीत आणखी दोन अडचणी. तपकिरी रंगाचे रंजक मेलॅनिनमध्ये हरवते, म्हणून लाल रंगाचे वापरावे. आणि मेलॅनिन पीसीआरचे विकर रोखते, त्यामुळे बदल असूनही तपासणी फसते. डीएनए पातळ करून किंवा पुन्हा शुद्ध करून ती परत चालवावी लागते. गुदाशयातील रंगहीन मेलॅनोमात सीडी-११७ (किट जनुकाचे प्रथिन) पॉझिटिव्ह आल्याने जिस्ट, म्हणजे पचनमार्गाची वेगळ्याच प्रकारची गाठ, म्हणून निदान झाल्याची उदाहरणे वाङ्मयात आहेत. संशय असेल तिथे एस-१०० आणि सॉक्स-१० लावण्याचा दंडक असावा.

सीडी-११७ पॉझिटिव्ह म्हणजे किट जनुकात बदल आहेच, असे नाही. हा मुद्दा योजनेच्या अधिकाऱ्यांसाठी महत्त्वाचा, कारण इथे स्वस्त उपचार हाताशी आहे. तळवा-नख आणि श्लेष्मल मेलॅनोमात साधारण १० ते २० टक्के रुग्णांत किट जनुकात बदल सापडतात. या जनुकाचे एक्सॉन (भाग) ९, ११, १३, १७ आणि १८ तपासावेत. ११ किंवा १३ मधला बदल, उदाहरणार्थ एल-५७६-पी किंवा के-६४२-ई, असेल तर रोज ४०० मिग्रॅ इमॅटिनिबने गाठ आकसण्याची शक्यता खरी असते. चीनमधल्या ४३ रुग्णांच्या चाचणीत प्रतिसाद २३.३ टक्के होता. मात्र आजार रोखलेला मध्यम काळ साडेतीन महिन्यांचा. एक्सॉन १७ मधील डी-८१६ बदलाला इमॅटिनिब सहसा चालत नाही, आणि जनुकाच्या नुसत्या प्रती वाढल्या असतील तर फारशी आशा धरू नये. इमॅटिनिबची जेनेरिक गोळी भारतात वर्षानुवर्षे मिळते. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिच्या उपलब्धतेबद्दल शंकाच उरली नाही. जी तपासणी केल्याशिवाय ही गोळी देता येत नाही, ती तपासणीच मंजूर खर्चात नसेल तर गोळी स्वस्त असून उपयोग काय?

बीआरएएफ जनुकाच्या तपासणीत फक्त व्ही-६००-ई हा बदल पकडणारी चाचणी व्ही-६००-के हा बदल सोडून देते, म्हणून दोन्ही पाहावेत. बदल सापडला तरी घाईने बीआरएएफविरोधी गोळ्या सुरू करू नयेत. ड्रीमसेक चाचणीत २६५ रुग्णांत आधी इम्युनोथेरपीची जोडी आणि नंतर गोळ्या असा क्रम घेतलेल्यांपैकी ७१.८ टक्के दोन वर्षांनी हयात होते, उलट क्रमात ५१.५ टक्के. गाठीने श्वास कोंडला आहे, यकृत कोसळते आहे, अशा वेळी मात्र गोळ्या आधी. त्या दिवसांत काम करतात, इम्युनोथेरपीला आठवडे लागतात. आणि ही चाचणीही प्रामुख्याने त्वचेच्या मेलॅनोमाचीच, हे मार्गदर्शिकेत लिहावे.

जोडीची किंमत पैशापुरती नसते. चेकमेट-०६७ मध्ये गंभीर, म्हणजे श्रेणी ३-४ चे दुष्परिणाम जोडीवर ५९ टक्के रुग्णांत झाले, एकट्या निवोलुमॅबवर २४ टक्क्यांत. तिथल्या मात्रा : इपिलिमुमॅब किलोमागे ३ मिग्रॅ आणि निवोलुमॅब १ मिग्रॅ, दर तीन आठवड्यांनी चार वेळा, पुढे नुसते निवोलुमॅब. मात्रा उलट्या केल्या, निवोलुमॅब ३ आणि इपिलिमुमॅब १, तर चेकमेट-५११ मध्ये ३६० रुग्णांत गंभीर दुष्परिणाम ४८ वरून ३४ टक्क्यांवर आले आणि प्रतिसाद ५०.६ विरुद्ध ४५.६ असा राहिला. इपिलिमुमॅबचा खर्चही तिसऱ्या हिश्शावर येतो. ६० किलोच्या रुग्णाला १८० ऐवजी ६० मिग्रॅ. जिथे अतिदक्षता विभाग दोन तासांच्या अंतरावर आहे, तिथे उलट मात्रेचाच विचार आधी व्हावा, असे आमचे मत आहे. निवोलुमॅब आणि रेलॅटलिमॅब या दुसऱ्या इम्युनोथेरपी औषधाची जोडी आणखी सौम्य आहे (गंभीर दुष्परिणाम १८.९ टक्के), पण ती ज्याला परवडेल आणि मिळेल त्याच्यासाठी.

पहिल्या डोसआधी टीएसएच, फ्री टी-४, सकाळी आठचे कॉर्टिसॉल, साखर, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, ईसीजी, ट्रोपोनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही आणि क्षयरोगाची चाचणी करून ठेवावी. इम्युनोथेरपीमुळे आतड्याला सूज येऊन जुलाब लागू शकतात : नेहमीपेक्षा दिवसाला ४ ते ६ जास्त जुलाब म्हणजे दुसरी श्रेणी, ७ किंवा जास्त म्हणजे तिसरी. आपल्याकडे अमिबा आणि जंतुसंसर्ग इतके सर्रास की हे जुलाब त्यांच्या खात्यावर जमा होतात आणि रुग्ण आठवडाभर मेट्रोनिडाझोल घेत बसतो. शौचाची तपासणी त्याच दिवशी पाठवावी, पण तिच्या उत्तरासाठी तिसऱ्या श्रेणीत स्टेरॉइड रोखून धरू नये : मिथाइलप्रेडनिसोलोन किलोमागे १ ते २ मिग्रॅ, आणि ३ ते ५ दिवसांत उतार नसेल तर इन्फ्लिक्झिमॅब किलोमागे ५ मिग्रॅ. या औषधाने दबलेला क्षय उफाळू शकतो; क्षयरोगाची तपासणी आधीच झालेली असावी, ती या क्षणासाठी. यकृताला सूज आली असेल तर इन्फ्लिक्झिमॅब टाळून मायकोफेनोलेट घ्यावे. स्टेरॉइड ४ ते ६ आठवड्यांत उतरवावे. चार दिवसांत थांबवले की आजार दुप्पट जोराने उलटतो. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल दोन्ही कमी असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. क्रम चुकला तर रुग्ण कोसळतो. रुग्णाच्या फाइलवर ‘इम्युनोथेरपी चालू’ असा शिक्का हवा आणि खिशात कार्ड हवे, कारण डोस शहरात मिळतो आणि जुलाब गावी लागतात. योजनेने डोस मंजूर करताना या दुष्परिणामांवरचा खर्चही त्याच मंजुरीत धरावा.

राहिला प्रश्न किमतीचा. टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कर्करोगात १५१ रुग्णांवर दाखवून दिले, की तोंडावाटे घ्यायच्या केमोच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिग्रॅ निवोलुमॅब दिले तर वर्षाअखेर हयात रुग्णांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर जाते. निवोलुमॅबची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिग्रॅ आहे. मेलॅनोमात सुरुवातीच्या मात्रा-चाचण्यांमध्ये किलोमागे ०.१ मिग्रॅपासून प्रतिसाद दिसले होते. तरीही डोके-मानेचा निकाल मेलॅनोमाला परस्पर लावू नये. हे पत्रच उसन्या आकड्यांविरुद्ध आहे. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या रुग्णालयांनी मिळून तळवा-नख आणि श्लेष्मल मेलॅनोमासाठी अल्प मात्रेची चाचणी हाती घ्यावी. तीत तळहात-तळपाय, नख आणि श्लेष्मल असे तीन गट सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत आणि प्रत्येक गटाची रुग्णसंख्या आधी ठरवावी, नाहीतर पुन्हा १५ पैकी २ असा निकाल हाती येईल. प्रत्येक रुग्णाचा पॅराफिन ब्लॉक जपून ठेवावा. रक्तातील एलडीएचची पातळी, यकृत आणि मेंदूतील प्रसार यांची नोंद सुरुवातीलाच घ्यावी. पहिले स्कॅन १२ आठवड्यांनी. गाठ वाढलेली दिसली पण रुग्ण चालता-फिरता असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा पाहावे, खालावत असेल तर वाट पाहू नये.

मार्गदर्शिका आणि योजना यांच्या पुढच्या फेरआढाव्यात हा विषय घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. उपप्रकाराच्या रकान्याचा मसुदा, पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीचा नमुना आणि मराठीतले रुग्ण-कार्ड आम्ही तयार करून देऊ. ज्या जिल्हा रुग्णालयांत मेलॅनोमाच्या स्लाइड वाचण्याची सोय नाही, त्यांच्या स्लाइड विनामूल्य वाचून उपप्रकारासह रिपोर्ट देण्याची जबाबदारीही आमच्यातले पॅथॉलॉजिस्ट घेतील.

आपले,
मेलॅनोमाच्या रुग्णांवर उपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि परिचारिका